एनसीसीच्या एअर विंगमधील संधी: आठवीपासून तयारी कशी करावी

एनसीसीच्या एअर विंगमध्ये नाव नोंदवणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या डोळ्यांसमोर विमान असते आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र आठवीत दाखल झालेल्या छात्रसैनिकाच्या वाट्याला पहिल्या वर्षी येते ते मैदान, कवायत, बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्यांपासून बनवायचे छोटे विमान आणि फळ्यावर काढलेली पंखाची आकृती. प्रत्यक्ष उड्डाण पुढच्या टप्प्यावर येते, आणि तेव्हाही ते सर्वांना सारखे मिळत नाही. ज्यांना ते मिळते त्यांची तयारी दोन-तीन वर्षे आधीच सुरू झालेली असते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. शिबिरांच्या आणि स्पर्धांच्या सूचना फलकावर लागतात आणि नावे पाठवायला अनेकदा दोनच दिवस हातात असतात. म्हणून कोणती संधी केव्हा येते आणि त्या वेळी आपल्याजवळ काय तयार असायला हवे, हे विद्यार्थ्यांना आणि पालकांना आधीच ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

राष्ट्रीय छात्र सेना १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि तिचा हवाई विभाग १९५० मध्ये मुंबई व कोलकाता येथे एकेका स्क्वाड्रनने, म्हणजे हवाई पथकाने, सुरू झाला. आज महाराष्ट्र संचालनालयाच्या एअर स्क्वाड्रन मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत. गोवा मात्र कर्नाटक व गोवा संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. साहजिकच एअर विंगच्या तुकड्या या शहरांच्या आसपासच्या शाळा-महाविद्यालयांत अधिक आढळतात आणि अनेक जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना आपल्या शाळेत फक्त आर्मी विंगच दिसते.

प्रवेश आणि पहिले कागद

शाळेतील विभागाला ज्युनिअर डिव्हिजन म्हणतात, त्यातील मुलींच्या विभागाला ज्युनिअर विंग. वयोमर्यादा १२ ते साडेअठरा वर्षे असली तरी प्रशिक्षण दोन वर्षांचे असल्यामुळे बहुतेक शाळा आठवीतच नोंदणी करतात, म्हणजे नववीच्या अखेरीस ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते आणि दहावीचे वर्ष अभ्यासाला मोकळे राहते. महाविद्यालयातील सीनिअर डिव्हिजन तीन वर्षांची असून तिच्या दुसऱ्या वर्षी ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. अकरावीला कनिष्ठ महाविद्यालय निवडताना तेथे एअर विंगची तुकडी आहे का, ही चौकशी प्रवेशअर्ज भरण्याच्या आधी करावी, कारण प्रवेश निश्चित झाल्यावर केवळ एनसीसीसाठी महाविद्यालय बदलणे फार कठीण जाते.

जागा ठरलेल्या असल्यामुळे निवड होते, आणि ती साधारणपणे धावणे, शारीरिक क्षमता, थोडी लेखी परीक्षा व मुलाखत यांवर असते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एनसीसी अधिकारी असलेल्या शिक्षकांना भेटावे. त्यांना एएनओ म्हणतात आणि पुढच्या प्रत्येक संधीसाठी तुमचे नाव पाठवणारी व्यक्ती तीच असते. नोंदणी आता ऑनलाइन होते आणि गणवेशाची रक्कम थेट छात्रसैनिकाच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली आहे, त्यामुळे आधार कार्डावरील नाव, शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव अक्षरशः एकसारखे आहे याची खात्री पालकांनी आधीच करून घ्यावी. वडिलांच्या नावातील एका वेलांटीच्या फरकामुळे एका हुशार मुलीचे शिबिर हुकलेले मी पाहिले आहे, आणि ती हळहळ अजून मनातून गेलेली नाही.

परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. ही अट ऐकायला सोपी वाटते, पण पावसाळ्यातील रद्द झालेल्या परेड, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी वजा केली तर वर्षात परेडचे दिवस मोजकेच उरतात. आपली हजेरी आपण स्वतः वहीत तारखेनिशी लिहून ठेवावी.

परेड आणि वर्ग

कवायतीचे आदेश हिंदीत असतात. सावधान, विश्राम, दाहिने मुड़, तेज चल, थम हे शब्द पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडतात. गणवेशाला कडक इस्त्री, बुटांना चकाकी आणि केस नियमाप्रमाणे कापलेले असणे यात वरवरचे काही नाही; वायुसेनेतून आलेले प्रशिक्षक, ज्यांना सगळे पीआय स्टाफ म्हणतात, ते या गोष्टींवरून छात्रसैनिक सूचना किती काटेकोरपणे पाळतो ते ओळखतात. विमानाजवळ जाताना पंख्याच्या बाजूने जायचे नाही, ही सूचना शंभरातून एकदाही विसरून चालत नाही, आणि ती सवय बुटाच्या नाडीपासून सुरू होते.

सर्व विंगना समान असलेल्या विषयांत नकाशावाचन, आपत्ती व्यवस्थापन, आरोग्य, समाजसेवा आणि पॉइंट टू-टू रायफलची नेमबाजी येते. एअर विंगचे स्वतःचे विषय म्हणजे उड्डाणाची तत्त्वे, हवामान, दिशादर्शन, विमानाचे इंजिन व उपकरणे, हवाई वाहतूक नियंत्रण आणि एरोमॉडेलिंग. अनेक मुले हे विषय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की ते रोज थोडे-थोडे प्रत्यक्ष वापरून शिकावेत, कारण त्यासाठी लागणारी साधने घरबसल्या मिळतात.

हवामानाचेच उदाहरण घ्या. मुंबई, पुणे आणि नागपूर या विमानतळांचे हवामान-वृत्त, ज्याला वैमानिक मेटार म्हणतात, दिवसभर ठरावीक अंतराने प्रसिद्ध होते आणि कोणालाही वाचता येते. त्यात वाऱ्याचा पाच आकडी गट असतो. पहिले तीन आकडे वारा कोणत्या अंशावरून येतो ते सांगतात आणि पुढचे दोन त्याचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, देतात. २४०१२ असे लिहिले असेल तर २४० अंशांवरून, म्हणजे साधारण नैर्ऋत्येकडून, १२ नॉट वेगाने वारा येत आहे. आता मुंबईच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक पाहा. तिच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ असे लिहिलेले असते, कारण तिच्या दिशा सुमारे ९० आणि २७० अंश आहेत. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते, म्हणून पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असताना ते २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे पूर्वेकडून शहरावरून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरते. वारा २४० अंशांवरून आणि धावपट्टी २७० अंशांवर, म्हणजे फरक ३० अंशांचा. ३० अंशांची ज्या (साइन) अर्धी असते, त्यामुळे १२ नॉटच्या वाऱ्यापैकी ६ नॉट विमानाला आडवे ढकलतात. नववी-दहावीतल्या त्रिकोणमितीचा इतका जिवंत उपयोग दुसरीकडे क्वचितच दिसतो. महिनाभर रोज सकाळी असे एक वृत्त वहीत उतरवून त्याचा अर्थ मराठीत लिहिला, तर ‘ए’ आणि ‘बी’ परीक्षेतील हवामानाचा धडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

दिशादर्शनाचेही तसेच आहे. मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १२० किलोमीटर धरा. ताशी १८० किलोमीटर वेगाचे विमान वारा नसताना ते ४० मिनिटांत कापेल. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला तर जमिनीच्या सापेक्ष वेग १५० होईल आणि ४८ मिनिटे लागतील. ही आठ मिनिटे इंधनाच्या हिशेबात कोठून आणायची, हा प्रश्न स्वतःला विचारता आला की विषय समजला.

एरोमॉडेलिंग

शालेय वयात विमानशास्त्र हातांनी शिकवणारा हा एकच विषय आहे आणि त्याला हवे तेवढे महत्त्व दिले जात नाही, असे माझे मत आहे. सुरुवात हाताने फेकायच्या ग्लायडरपासून होते. बाल्साची पट्टी, चांगला डिंक, बारीक पॉलिश पेपर आणि धारदार ब्लेड एवढ्यावर काम भागते. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावर दोन्ही पंखांखाली बोटे ठेवून ग्लायडर उचलावा. तो सपाट राहिला तर गुरुत्वमध्य योग्य जागी आहे. नंतर पहाटे, वारा पडलेला असताना, उभ्या गवताच्या मैदानावर तो खांद्याच्या उंचीवरून किंचित खाली, क्षितिजाच्या जवळच्या एखाद्या बिंदूकडे हलकेच सोडावा. वर फेकू नये. नाक वर उचलून, थबकून, पुन्हा खाली पडण्याची क्रिया तो वारंवार करीत असेल तर शेपूट जड आहे, म्हणून नाकाला थोडी प्लास्टिसिन लावावी. सोडताच जमिनीकडे झेपावत असेल तर नाकाचे वजन कमी करावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. ‘स्टॉल’ म्हणजे पंखावरील हवेचा प्रवाह सुटणे, ही व्याख्या पाठ केलेल्या मुलाला ती त्या थबकण्यात प्रत्यक्ष दिसते.

पुढचा टप्पा कंट्रोल लाइनचा. यात छोटे इंजिन लावलेले विमान दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाला वर्तुळात उडते आणि मध्यभागी उभा असलेला छात्रसैनिक मूठ वर-खाली कलवून त्याची उंची सांभाळतो. सुरुवातीला चक्कर येते. नजर विमानावर खिळवून ठेवली की ती कमी होते. तारांना गंज वा गाठ नाही हे प्रत्येक वेळी तपासावे, मुठीचा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नये, आणि विजेच्या तारांच्या जवळ किंवा ढगांचा गडगडाट सुरू असताना हा खेळ कधीही खेळू नये. रेडिओ-नियंत्रित विमान त्यानंतरचे. अलीकडे प्रशिक्षणात ड्रोनचाही समावेश होऊ लागला आहे आणि ज्याने ग्लायडर समतोल केलेला आहे, त्याला ड्रोन समजायला वेळ लागत नाही.

उड्डाण

एअर स्क्वाड्रनकडे मायक्रोलाइट, म्हणजे अतिशय हलकी, विमाने असतात. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचे व्हायरस एसडब्ल्यू ८० हे शेजारी-शेजारी दोन आसनांचे विमान त्यासाठी घेतले गेले आहे. उड्डाण मुख्यतः सीनिअर डिव्हिजनच्या छात्रसैनिकांसाठी असते आणि शेजारी वायुसेनेचा वैमानिक अधिकारी बसलेला असतो. एक फेरी अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही छोटी असते, म्हणून तिची तयारी जमिनीवरच पूर्ण झालेली असावी. विमानाचे तीन अक्ष, स्टिक आणि रडर पेडलचे काम, वेग व उंची दाखवणारी उपकरणे, तपासणीची यादी आणि रेडिओवर वापरायची अक्षरांची नावे या गोष्टी ज्याला आधीच येतात, त्याला प्रशिक्षक प्रत्यक्ष नियंत्रण हाती देऊ शकतात. ज्याला येत नाहीत, त्याची सर्व मिनिटे समजावून घेण्यातच जातात. सिम्युलेटरची संधी मिळाली तर ती खेळ समजून वाया घालवू नये.

हलक्या विमानाला वारा फार जाणवतो आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत त्याला हिंदकळवतात, त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या, विशेषतः हिवाळ्यातील सकाळच्या वेळा उड्डाणासाठी उत्तम ठरतात. पहाटे साडेपाचला तळावर पोहोचण्याची सोय पालकांनी आधी ठरवावी. आदल्या रात्री लवकर झोपावे आणि उपाशी पोटी जाऊ नये. ढगांमुळे उड्डाण रद्द झाले तर नाराज न होता त्या दिवशीचे मेटार वाचून ते का रद्द झाले ते समजून घ्यावे. हे उड्डाण म्हणजे वैमानिकाचा परवाना नव्हे, हेही घरच्यांना स्पष्ट सांगावे.

शिबिरे आणि स्पर्धा

प्रमाणपत्रासाठी आवश्यक असलेले वार्षिक प्रशिक्षण शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटेची पीटी, कवायत, नेमबाजी, व्याख्याने, खेळ आणि रात्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम असा त्याचा दिनक्रम असतो. घरापासून पहिल्यांदाच इतके दिवस दूर राहणाऱ्या मुलांना दुसरी-तिसरी रात्र जड जाते. चौथ्या दिवसापासून ते रुळतात, म्हणून पालकांनी दुसऱ्या दिवशीच न्यायला येण्याची घाई करू नये. सामानात ताट-मग, मच्छरदाणी, पातळ सतरंजी व चादर, पांढरे पीटी बूट, बूट पॉलिश, कुलूप, टॉर्च, सुई-दोरा आणि नियमित औषधे चिठ्ठीसह असावीत. महागडा मोबाइल आणि दागिने घरीच ठेवावेत. वैद्यकीय दाखला आणि पालकांचे संमतिपत्र यांच्या दोन-दोन प्रती वर्षभर तयार ठेवल्या, तर सूचना लागल्यावर धावपळ होत नाही.

एअर विंगचे स्वतःचे मोठे व्यासपीठ म्हणजे अखिल भारतीय वायुसैनिक शिबिर. त्यात उड्डाण, एरोमॉडेलिंग, स्कीट नेमबाजी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरची) आणि कवायतीच्या स्पर्धा होतात आणि तेथे जाण्याआधी स्क्वाड्रन, ग्रुप व संचालनालय अशा पातळ्यांवर निवड होते. प्रजासत्ताक दिन शिबिराची निवड पावसाळ्यातच सुरू होते आणि अनेक महिने चालते. निवडलेले छात्रसैनिक जानेवारीचा महिना दिल्लीत काढतात, कर्तव्यपथावर संचलन करतात आणि पंतप्रधानांच्या रॅलीत भाग घेतात. सर्वोत्कृष्ट संचालनालयाला मिळणारा पंतप्रधानांचा ध्वज महाराष्ट्र संचालनालयाने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जिंकला, त्यामुळे राज्यातील निवडीची चुरस किती असते याची कल्पना येते. दहावी वा बारावीच्या वर्षी या शिबिरासाठी प्रयत्न करायचा की नाही, हा निर्णय घरात बसून जून महिन्यातच घ्यावा. माझ्या मते अकरावी किंवा पदवीचे पहिले वर्ष त्यासाठी सर्वांत योग्य आहे. युवा आदानप्रदान कार्यक्रमातून परदेशी जाणाऱ्यांची निवडही बहुधा याच छात्रसैनिकांतून होते.

सीनिअर छात्रसैनिकांसाठी हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुसेना अकादमीत संलग्नता शिबिर असते. वायुसेनेचे अधिकारी कसे घडतात ते तेथे जवळून पाहता येते, म्हणून या शिबिराचे नाव सूचनेत दिसताच अर्ज करावा. साहसाची आवड असणाऱ्यांसाठी गिर्यारोहण संस्थांचे अभ्यासक्रम आणि पदभ्रमण शिबिरे आहेत. कोल्हापूर ग्रुपतर्फे भरणाऱ्या शिवाजी ट्रेल मोहिमेत देशभरातले छात्रसैनिक पन्हाळ्याच्या परिसरातून पावनखिंडीच्या वाटेने चालतात. आपल्या मुलांना ती वाट घराजवळची असते, तरी परप्रांतीय मुलांना बाजीप्रभूंची कथा सांगण्याची वेळ येते तेव्हा ती आपल्यालाच नीट ठाऊक नसल्याचे अनेकांच्या लक्षात येते; जाण्याआधी ती वाचून जावी.

वायुसेनेकडे जायचे असेल तर

वायुसेनेच्या उड्डाण शाखेत एअर विंगचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांसाठी विशेष प्रवेश आहे. कायम नियुक्तीसाठी संयुक्त संरक्षण सेवा (सीडीएस) परीक्षेच्या आणि अल्पमुदतीच्या नियुक्तीसाठी एएफकॅट या वायुसेनेच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेच्या जागांपैकी प्रत्येकी १० टक्के जागा त्यासाठी असतात, आणि या मार्गाने लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळासमोर जाता येते. त्यासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र, पदवीला ६० टक्के गुण आणि २० ते २४ वर्षे वय अशा अटी असतात. म्हणजे अकरावीला कला शाखा घेतलेल्या छात्रसैनिकाकडे ‘सी’ प्रमाणपत्र असूनही उड्डाण शाखेचे दार बंद राहते, आणि ही गोष्ट अनेकांना पदवीच्या शेवटच्या वर्षी कळते. वैमानिक-क्षमतेची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. ‘सी’ प्रमाणपत्रामुळे तीही टळत नाही.

डोळ्यांची, विशेषतः रंगदृष्टीची तपासणी नववी-दहावीतच करून घ्यावी. चष्मा असलेल्या मुलांनी एनसीसीपासून दूर राहण्याचे काहीच कारण नाही, पण उड्डाण शाखेचे निकष कडक आहेत आणि उंचीची किमान मर्यादा १६२.५ सेंटिमीटर आहे. केवळ निवडीसाठी विशीच्या आत डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया करून घेणे वायुसेनेच्या नियमांप्रमाणे उलट अपात्र ठरवते.

बारावीनंतर थेट जायचे असेल त्यांच्यासाठी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची परीक्षा वर्षातून दोनदा होते. मुलींनाही आता ती खुली असून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांसाठी आहे आणि मुलींसाठी तशी संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. दोन्हींचे प्रवेश दहावीच्या वर्षातच पाहावे लागतात. सैन्यात जायचे नसले तरी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एनसीसीला २४ श्रेयांकांचा ऐच्छिक विषय म्हणून मान्यता दिली आहे, त्यामुळे तुमच्या महाविद्यालयात ही सोय आहे का ते पदवीच्या प्रवेशावेळी विचारावे.

शाळेत एअर विंग नसेल तर

आर्मी किंवा नेव्हल विंग असेल तर तिच्यात अवश्य जावे, कारण कवायत, नेमबाजी, शिबिरे आणि प्रजासत्ताक दिनाची निवड तेथेही आहे. विमानशास्त्राचा भाग मात्र स्वतः जोपासावा लागेल. वर सांगितलेली मेटारची वही आणि बाल्साचा ग्लायडर यांसाठी कोणत्याही तुकडीची गरज नाही, आणि शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी मनावर घेतले तर पाच-सहा मुलांचा गट शनिवारी दुपारी वर्गात ग्लायडर बांधू शकतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही; त्याहून मोठ्या ड्रोनच्या प्रमाणपत्रासाठी १८ वर्षे पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असावे लागते. ड्रोन लहान असला तरी उडवण्याआधी ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ऑनलाइन नकाशावर आपले मैदान प्रतिबंधित क्षेत्रात येत नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे, आणि लोहगाव किंवा सांताक्रूझच्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी तर ते पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीतून बाहेरही काढू नये.